टीपी हातात असला तरी दुसरा कागद उरतोच

दोडामार्ग, सावंतवाडी, चंदगड या पट्ट्यात नरक्याची चोरटी तोड पकडल्याची बातमी अधूनमधून येते. नरक्या म्हणजे सह्याद्रीतलं एक मध्यम उंचीचं झाड. त्याच्या फुलांचा वास नकोसा होतो, पण अंगात कॅम्प्टोथेसिन असतं, आणि त्यापासून टोपोटेकान, इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधं तयार होतात. १९६६ साली हे द्रव्य एका चिनी झाडातून पहिल्यांदा वेगळं काढणाऱ्या दोघांपैकी मनसुख वाणी हे मूळचे आपल्या नंदुरबारचे. नरक्यातही ते असल्याचं १९७२ मध्ये भारतीय संशोधकांनी दाखवलं.

असा माल सरळ मार्गाने घ्यायचा तर दोन परवानग्यांचा विचार करावा लागतो: एक वाहतुकीची, म्हणजे टीपी, आणि दुसरी वापराची. प्रत्यक्षात मात्र "टीपी आहे ना?" एवढ्यावर विषय मिटतो. जंगलाचं आणि जंगलाकाठच्या माणसांचं नुकसान इथेच होतं, म्हणून हा फरक नीट समजून घ्यायला हवा.

टीपी म्हणजे वनखात्याचा वाहतूक पास. त्याचं मूळ १९२७च्या भारतीय वन अधिनियमात आहे. माल कुठल्या जमिनीतला, तोड रीतसर झाली का, किती आहे, कुठून कुठे चाललाय, एवढंच तो पाहतो. गाडी मुक्कामाला पोचली की त्याचं काम संपलं. पुढे त्या लाकडावर चूल पेटली की त्यातून अर्क निघाला, याची नोंद पासावर नसते.

दुसरा कागद नेमका तिथून सुरू होतो. २००२चा जैविक विविधता कायदा विचारतो की या झाडाचं, प्राण्याचं किंवा सूक्ष्मजीवाचं तुम्ही करणार काय? औषध, सौंदर्यप्रसाधन, सुगंध, रंग, अर्क असा व्यापारी वापर असेल किंवा त्यासाठी शोध घ्यायचा असेल, तर परदेशी नियंत्रणाखालच्या कंपनीला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमान्यता लागते. भारतीय कंपनीने राज्याच्या जैवविविधता मंडळाला आधी कळवायचं असतं. महाराष्ट्राचं मंडळ नागपूरला आहे. त्यासोबत येते लाभाची वाटणी, म्हणजे त्या मालाच्या कमाईतला वाटा रान राखणाऱ्या लोकांना देणं. २०१४च्या मार्गदर्शक तत्त्वांत उत्पादकासाठी खरेदी किमतीच्या ३ ते ५ टक्के, किंवा कारखान्यातून होणाऱ्या विक्रीच्या ०.१ ते ०.५ टक्के असे दर होते. रानातून माल गोळा करणाऱ्या स्थानिकांना आणि परंपरेने औषध देणाऱ्या वैदूंना या कायद्यात सूट आहे. बोजा वरच्या टोकाला आहे, आणि तो तिथेच असायला हवा.

भारतीय कंपन्यांना ही वाटणी लागूच नाही, असा युक्तिवाद आयुर्वेदिक औषधं बनवणाऱ्या दिव्य फार्मसीने उत्तराखंड उच्च न्यायालयात केला होता. २१ डिसेंबर २०१८ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. माझ्या मते या कायद्याच्या वाटचालीतला हा सगळ्यात मोलाचा निकाल आहे, कारण रान राखणाऱ्या माणसाला लुटणारा देशी की परदेशी, याने त्याच्या ताटात फरक पडत नाही.

या दोन परवानग्या एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत, हे केरळात फार कडवटपणे दिसलं. १९८७ मध्ये अगस्त्य पर्वतात शास्त्रज्ञांना वाट दाखवणारे काणी आदिवासी एक फळ खाऊन न थकता चालत होते. ते 'आरोग्यपच्चा'. त्या वनस्पतीची पानं वापरून 'जीवनी' हे औषध बनलं, आणि १९९५ मध्ये कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला ते १० लाख रुपये आणि २ टक्के स्वामित्वधन या बोलीवर दिलं गेलं. त्यातला अर्धा वाटा काण्यांचा. तेव्हा २००२चा कायदा जन्मालाही आला नव्हता, तरी वाटणी ठरली होती. पण पानं जंगलातून बाहेर काढायला वनखात्याने हरकत घेतली. नफ्याचा करार पक्का असूनही पानं अडली.

आपल्याकडचं मेंढा-लेखा याच्या उलट बाजूने पाहण्यासारखं आहे. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी तिथल्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक दिलं. गडचिरोलीतल्या त्या गावाने कमावलेला हा हक्क फार मोठा आहे. तरीही ग्रामसभेचा पास हा वाहतुकीचाच पास. त्या मालातून कुणी औषधी अर्क काढायला निघालं, तर त्या पासाने मंडळाकडची पायरी चुकत नाही. गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती तिच्या हद्दीतल्या व्यापारी संकलनावर वेगळं शुल्क लावू शकते. ही तरतूद किती गावांनी वापरून पाहायला हवी!

२०२३च्या दुरुस्तीने तुरुंगवासाची शिक्षा काढून दंड ठेवला. ते मला पटलेलं नाही. लागवडीच्या औषधी वनस्पतींनाही सूट मिळाली आहे. शेतकऱ्यासाठी ती हवीच होती, पण लाकडाचे तुकडे होऊन गोणीत भरले की रानातला नरक्या कोणता आणि शेतातला कोणता, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून कायदा त्यासाठी मूळस्थानाचा दाखला मागतो, आणि तो मिळवायचा असतो गावच्या याच समितीकडून. समितीने गावच्या जैवसंपदेची ठेवायची जी लोक जैवविविधता नोंदवही, तिच्यात कुणाच्या शेतात काय लावलंय हे लिहिलेलं नसेल, तर समिती तो दाखला देणार कशाच्या आधारावर?