बोर्ड घेण्याआधी: मायक्रोकंट्रोलर की एफपीजीए?

"एफपीजीए भारी असतंय म्हणे, तेच द्या." काउंटरवर हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतं. द्यायला आमची ना नाही. पण आधी काम काय ते सांगा.

मायक्रोकंट्रोलर तुम्ही लिहिलेल्या सूचना एकेक करून वाचतो आणि करतो. एफपीजीए म्हणजे आतली जोडणी आपण ठरवायची अशी चिप; तिच्यात सूचना वाचणारं कुणी नसतंच. व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल या सर्किट लिहायच्या भाषांत जे लिहाल त्याचं सर्किटच आत जोडलं जातं, आणि त्याचे सगळे भाग एकाच वेळी चालतात.

खानापूर, चिकोडीकडून पंपाचं काम घेऊन येणारे बरेच. थ्री फेज आली की मोटार चालू, एक फेज गेली की बंद, विहिरीचं पाणी तळाला गेलं की बंद. त्याला अर्डुइनो उनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड भरपूर झाला. मोबाइलवरून चालवायचं असेल तर ईएसपी३२ घ्या, वायफाय आतच आहे. मळ्यात वायफाय नसेल तर सिमकार्डावर चालणारं जीएसएम मॉड्यूल जोडा.

खरी गंमत बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या लेथची. समजा स्पिंडलचं फिरणं पल्समध्ये सांगणारा सेन्सर, म्हणजे एन्कोडर, फेऱ्याला १००० पल्सचा आहे. त्याच्या दोन्ही चॅनेलच्या पल्सच्या चढत्या-उतरत्या कडा मोजल्या तर एका फेऱ्यात ४००० मोजण्या. स्पिंडल ३००० आरपीएमला गेला की सेकंदाला २ लाख! उनो आर३चा घड्याळवेग १६ मेगाहर्ट्झ, म्हणजे दोन कडांच्या मधे त्याला जेमतेम ८० क्लॉक मिळतात. त्यात इंटरप्ट घ्यायचा (म्हणजे हातातलं काम थांबवून पल्सकडे वळायचं), मोजायचं, परत जायचं, वर डिस्प्लेही चालवायचा. मग मोजणी चुकते आणि लोक एन्कोडरला नावं ठेवतात.

तरीही लगेच एफपीजीएकडे धावू नका. एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरच्या काही टायमरांत एन्कोडर मोड असतो. मोजणी हार्डवेअरच करतं, प्रोग्रामने फक्त आकडा वाचायचा. एक-दोन एन्कोडर असतील तर आम्ही हाच देतो. पाच-सहा एन्कोडर एकदम मोजायचे, शिवाय प्रत्येकावर ठरलेल्या क्षणी आउटपुट सोडायचं, असं असेल तेव्हा एफपीजीए शोभतो. कॅमेऱ्याचं चित्र येता येताच तपासायचं असेल तरीही.

व्हीटीयूच्या (इंजिनिअरिंग विद्यापीठाच्या) मुलांनो, बाहेरच्या परीक्षकांवर छाप पाडायला म्हणून एफपीजीए नेऊ नका. परीक्षेला पंधरा दिवस उरलेत आणि व्हेरिलॉग आजच उघडलंय, असं असेल तर मुळीच नको. शिकायचंच असेल तर सेमिस्टरच्या सुरुवातीला टँग नॅनो ९के हा छोटा एफपीजीए बोर्ड न्या. त्यात ८,६४० एलयूटी (सर्किट ज्यांतून बनतं ते छोटे लॉजिक-ठोकळे) आहेत, सवय व्हायला पुरे.

बऱ्याच एफपीजीएंची आतली जोडणी करंट गेला की पुसली जाते आणि करंट आला की फ्लॅशमधून पुन्हा भरते. तेवढा वेळ आउटपुट ताब्यात नसतात, म्हणून रिलेच्या ड्रायव्हरला पुल-डाउन रेझिस्टर (पिन शून्यावर धरून ठेवणारा) लावाच.

आणि लेथवरचा २४ व्होल्टचा प्रॉक्सिमिटी सेन्सर थेट पिनला लावू नका, मधे ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल देऊन दोन बाजू वेगळ्या ठेवणारा भाग) घाला. येताना सेन्सरच्या लेबलचा फोटो आणा, सिग्नल किती आणि सेकंदाला किती पल्स तेही लिहून आणा. जळालेलं बोर्ड आम्ही परत घेत नाही, पण कशानं जळालं ते बघून सांगतो. त्याचे पैसे नाहीत.