मुंबईत ईदची सुट्टी सारखी पुढे का गेली? थोडी पार्श्वभूमी

2025 ला ईद-ए-मिलादची, म्हणजे पैगंबर जयंतीची, सुट्टी शुक्रवार 5 सप्टेंबरवरून सोमवार 8 ला गेली, ती पण फक्त मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यात, बाकी राज्यात 5 लाच राहिली. म्हणजे मुलुंडच्या सरकारी ऑफिसात कामकाज चालू आणि टोलनाका ओलांडला की ठाण्यात सुट्टी. परिपत्रक निघालं 3 तारखेला, म्हणजे फक्त दोन दिवस आधी.

सुट्ट्यांची यादी कशी निघते ते बहुतेकांना माहीत आहे, 1881 चा चेक-हुंड्यांचा जुना कायदा आणि त्याचं कलम 25, त्याखाली राज्य सरकार दरवर्षी गॅझेटमध्ये तारखा छापतं. 2025 च्या यादीत 24 दिवस होते, गुढीपाडवा, बुद्धपौर्णिमा, मोहरम, गुड फ्रायडे, गुरुनानक जयंती सगळं धरून. पारशी नववर्ष पण आहे, पण शहेनशाही पंचांगात लीप वर्ष नसल्याने ते दर चार वर्षांनी एक दिवस मागे येतं आणि 2024 पासून ते 15 ऑगस्टलाच येतंय, त्यामुळे ती सुट्टी स्वातंत्र्यदिनातच जाते. त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

ईद-ए-मिलादच्या सुट्टीची घोषणा केंद्रात 1990 च्या 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून झाली होती. पण आत्ताचा गुंता सुरू झाला 2023 ला. त्या वर्षी 28 सप्टेंबरला, गुरुवारी, ईद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आले. एकीकडे लालबाग-गिरगावचं विसर्जन, दुसरीकडे भायखळ्याच्या खिलाफत हाऊसचा ईदचा जुलूस (मिरवणूक), आणि रस्ते तेच, पोलीसही तेच. मुस्लिम समाजातल्या जाणत्या मंडळींनी बसून ठरवलं की जुलूस दुसऱ्या दिवशी काढू, आणि सरकारने सुट्टीही 29 ला नेली, तेव्हा सगळ्या राज्यासाठी. लगेच काहींनी ओरड केली की शनिवार-रविवार आणि 2 ऑक्टोबर धरून सलग पाच दिवस मिळावे म्हणून केलं. हे मला अजिबात पटत नाही, कारण जुलूस पुढे नेण्याचा निर्णय आधी समाजाने स्वतःहून घेतला होता, सुट्टी त्याच्या मागून गेली.

2024 ला ईद सोमवारी 16 सप्टेंबरला, विसर्जन मंगळवारी 17 ला, तर मुंबईत सुट्टी बुधवारी 18 ला. बाकी जिल्ह्यांत कलेक्टरवर सोडलं. आणि मग 2025, जेव्हा पैगंबरांच्या जन्माचं हिजरी गणनेने 1500 वं वर्ष होतं, म्हणून तयारी मोठी होती, तरी 6 ला विसर्जन असल्याने जुलूस 8 ला ठेवला.

आता खरा मुद्दा. सुट्टी जुलूसाच्या दिवशी गेली पण सण तर पंचांगाप्रमाणे 5 लाच होता. बँकेत किंवा सरकारी ऑफिसात काम करणाऱ्या ज्या माणसाला त्या दिवशी घरच्यांसोबत राहायचं होतं, त्याला स्वतःची रजा टाकावी लागणार, आणि दोन दिवस आधी कळल्यावर रजा मिळतेच असं नाही. पोलिसांची अडचण खरी आहे, ती मान्य, पण तारीख हलवताना मूळ दिवस ऐच्छिक म्हणून द्यायला काय हरकत होती? कायद्याने जाब विचारता येत नाही, कारण दादरा-नगर हवेलीच्या 2 ऑगस्टच्या मुक्तिदिनाची सुट्टी बंद झाली तेव्हा ते प्रकरण मुंबईत उच्च न्यायालयात आलं होतं आणि जानेवारी 2022 मध्ये कोर्टाने स्पष्ट म्हटलं की सार्वजनिक सुट्टी हा कोणाचा मूलभूत हक्क नाही, ते सरकारी धोरण आहे.

फक्त मुंबईपुरत्या ज्या स्थानिक सुट्ट्या असतात, त्यांचंही 2025 ला असंच झालं. गोपाळकाला आणि अनंत चतुर्दशी दोन्ही शनिवारी आले, आणि 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारी ऑफिसं पाच दिवसांच्या आठवड्यावर असल्याने शनिवारची सुट्टी देऊन फायदा शून्य. म्हणून मुंबईत त्याऐवजी नारळी पौर्णिमा आणि ज्येष्ठा गौरी विसर्जन दिलं. कोळीवाड्यांना त्यामुळे आपल्या सणाला सुट्टी मिळाली, हे चांगलंच झालं.

हे सण जवळ येतात ते पंचांगामुळे. हिजरी, म्हणजे मुस्लिम पंचांगाचं, वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी लहान, आपल्याकडे तो फरक अधिक महिना भरून काढतो. 2018 ते 2020 मोहरम गणपतीत आला होता. 2023 चा अधिक श्रावण संपल्यावर रबी-उल-अव्वल, म्हणजे ईद-ए-मिलादचा महिना, भाद्रपदाला जुळला आणि तीन वर्षं तसाच राहिला. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ईद ऑगस्टच्या शेवटी आणि अनंत चतुर्दशी 25 सप्टेंबरला, म्हणजे मध्ये जवळपास महिना. ही जुळणी परत यायला तीसेक वर्षं जातात, त्यामुळे तारीख हलवण्याचा आणि किती दिवस आधी कळवायचं याचा नियम करायचा तर या मोकळ्या वर्षांत करावा, तेव्हा कोणाचा जुलूस अडलेला नसेल.