९६० किलोंची पोर्शे आणि दोन टनांची वॅगन

ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात आलेली पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ वेगवान झाली ती मुख्यतः तिच्यातून काढून टाकलेल्या गोष्टींमुळे. तिच्या सर्वांत हलक्या आवृत्तीत पातळ पत्रा आणि पातळ काच वापरली होती, मागची आसने नव्हतीच, आणि वजन जेमतेम ९६० किलो होते. हवेने थंड होणारे २१० अश्वशक्तीचे सहा सिलिंडरचे इंजिन तिला ५.८ सेकंदांत ताशी १०० किलोमीटरपर्यंत नेत असे. २०१९ मध्ये सादर झालेली ऑडी आरएस ६ अवांत ही वॅगन, म्हणजे मागे मोठी डिकी असलेली कौटुंबिक गाडी, हाच वेग ३.६ सेकंदांत गाठते, आणि तेही २०७५ किलो वजन, पाच आसने व ५६५ लिटरची डिकी घेऊन.

७५ किलोंचा चालक धरला, तर ताशी १०० किलोमीटरला पोर्शेची गतिज ऊर्जा सुमारे ४०० किलोज्यूल आणि ऑडीची सुमारे ८३० किलोज्यूल भरते. ही ऊर्जा लागलेल्या वेळाने भागली की सरासरी शक्ती मिळते: पोर्शेची ६९ किलोवॅट, ऑडीची २३०. पोर्शेच्या इंजिनाची कमाल शक्ती १५४ किलोवॅट आणि ऑडीची ४४१. म्हणजे पहिलीने आपल्या ताकदीपैकी ४५ टक्के गतीत उतरवली, तर दुसरीने ५२ टक्के. ऑडीकडे ताकद जास्त आहे हे उघडच आहे, पण मला अधिक लक्षणीय वाटते ते हे, की असलेली ताकदही ती जास्त कसोशीने वापरते.

याचे एक कारण इंजिनात आहे. पोर्शेचा २५५ न्यूटन-मीटरचा कमाल पीळ (टॉर्क) मिनिटाला ५१०० फेऱ्यांवर मिळतो, म्हणून चालकाला इंजिन सतत चढ्या फेऱ्यांवर ठेवावे लागते आणि हाताने गिअर बदलताना दर वेळी जोर क्षणभर तुटतो. ऑडीचे दोन टर्बोचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारे पंप, २०५० फेऱ्यांपासूनच ८०० न्यूटन-मीटर पुरवतात, आणि आठ गिअरची स्वयंचलित पेटी हा जोर फारसा तुटू देत नाही. दुसरे कारण पकडीचे. टायर रस्त्याला किती जोराने मागे ढकलू शकतो हे त्याच्यावरच्या भारावर ठरते. ऑडीची चारही चाके इंजिनाला जोडलेली असल्याने सगळे वजन पकडीच्या कामी येते. पोर्शेची फक्त मागची चाके फिरवली जातात, पण इंजिन मागच्या आसाच्याही पलीकडे असल्याने भार नेमका तिथेच पडतो. वळणात मध्येच ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, तर हाच भार गाडीची शेपटी बाहेर फेकू पाहतो. पाठीमागे बदकाच्या शेपटीसारखी उचललेली कड बसवली होती, ती वेगात मागची बाजू हवेने उचलली जाऊ नये म्हणून.

गंमत म्हणजे १९९४ मध्ये पोर्शेच्याच त्सुफेनहाउझेनच्या कारखान्यात जुळवली जाणारी ऑडी आरएस २ ही ३१५ अश्वशक्तीची वॅगन ५.४ सेकंदांत शंभरावर जाऊन या जुन्या गाडीच्या पुढे निघाली होती.

वजनाची किंमत मात्र चुकत नाही. दोन्ही गाड्या त्याच वेगावरून थांबवल्या, तर ऑडीच्या ब्रेकना दुपटीहून अधिक उष्णता पचवावी लागते. शिवाय टायरवरचा भार दुप्पट केला, तरी पकड दुपटीपेक्षा कमीच वाढते. म्हणून पोर्शेला पुढे १८५ मिलिमीटर रुंदीचे टायर पुरत, तर ऑडीला २७५ लागतात. मागची चाकेही वळवण्याची सोय तिच्यात घेता येते: कमी वेगात ती पुढच्यांच्या उलट वळून लांब गाडी आखूड असल्यासारखी वळवतात, जास्त वेगात त्याच दिशेने वळून तिला स्थिर ठेवतात. पोर्शेच्या स्टिअरिंगला कसलेही साहाय्य नाही, त्यामुळे पुढच्या टायरची पकड सुटू लागली की हातातले स्टिअरिंगचे चाक हलके पडते आणि ते चालकाला थेट हातात कळते.