कर्करोग, सेल सिग्नलिंग आणि मराठवाड्यातली पीएचडी : पार्श्वभूमी

पेशीच्या आत आणि पेशींमध्ये जे रासायनिक संदेश फिरतात, त्यांना सेल सिग्नलिंग म्हणतात; ते बिघडले की कर्करोग होऊ शकतो. कोंबड्यांमध्ये गाठ निर्माण करणाऱ्या विषाणूतले जनुक मुळात निरोगी पेशींतूनच आलेले आहे, हे 1976 मध्ये कळले. 1982 मध्ये माणसाच्या मूत्राशयाच्या कर्करोगात रास या, पेशीला वाढीचा संदेश देणाऱ्या जनुकातला एका अक्षराचा बदल सापडला. 2001 मध्ये अमेरिकेत इमॅटिनिब या औषधाला मान्यता मिळाली आणि पेशीतला एकच बिघडलेला संदेश अडवून रक्ताचा एक कर्करोग आटोक्यात ठेवता येतो, हे रुग्णांनाही दिसले.

मराठवाड्यात विद्यापीठ आले 1958 मध्ये. 1994 मध्ये नांदेडला दुसरे झाले. इथल्या विद्यार्थ्याला तोंडाच्या कर्करोगाचा विषय जवळचा वाटतो, कारण तंबाखू आणि गुटखा घरोघरी पोचलेला आहे. या कर्करोगात ईजीएफआर हा ग्राही, म्हणजे वाढीचा संदेश झेलणारे पेशीवरचे प्रथिन, बहुधा जास्त प्रमाणात आढळतो, म्हणून अभ्यासाची दिशाही मिळते.

पीएचडीच्या या वाटेवर सर्वांत मोठा वाद झाला तो पेपरच्या अटीवरून. प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध प्रसिद्ध झालेला किंवा किमान स्वीकारलेला हवा, असा नियम 2009 मध्ये देशभर आला. 2016 मध्ये त्याला परिषदांतल्या दोन सादरीकरणांची जोड मिळाली. हेतू चांगला होता. पण सिग्नलिंगचे काम त्या वेळापत्रकात बसत नाही. पेशी पुण्याच्या भांडारातून आणायच्या, त्या कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटरमध्ये जगवायच्या, ठरावीक प्रथिन ओळखणाऱ्या परदेशी अँटीबॉडीची वाट पाहायची. फॉस्फरिलेशन, म्हणजे प्रथिनाला फॉस्फेट जोडून संदेश चालू-बंद करण्याची क्रिया, काही मिनिटांत बदलते, त्यामुळे नमुना बर्फावरच तयार करावा लागतो. एक वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे अँटीबॉडीने प्रथिन ओळखण्याची चाचणी, विश्वासार्ह मानायला तोच प्रयोग स्वतंत्रपणे तीनदा करावा लागतो. मे महिन्यात लाईट गेली आणि जनरेटर नसला, तर उणे 80 अंशांच्या फ्रीजरमधले काम धोक्यात येते.

मग सोपा मार्ग उरतो : वनस्पतीचा अर्क, पेशी जगल्या का हे रंगावरून सांगणारी एमटीटी चाचणी, आणि रेणू प्रथिनात कसा बसेल याचा संगणकावरचा अंदाज, म्हणजे डॉकिंग. पेपर लवकर होतो. पण एमटीटीवरून पेशी किती तगल्या एवढेच कळते. कोणता संदेश थांबला, हे कळत नाही, आणि सिग्नलिंगचा मूळ प्रश्न तोच आहे.

नोव्हेंबर 2022 मध्ये ही अट काढली गेली. दर्जा घसरेल, लहान विद्यापीठांतल्या मुलांना बाहेर कोणी विचारणार नाही, असे विरोधकांचे म्हणणे होते. यातली दुसरी भीती खरी आहे, कारण पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेला, अर्ज करताना पहिल्या लेखकाचा पेपर आजही पाहिला जातो. तरीही प्रायोगिक जीवशास्त्रापुरता हा निर्णय योग्यच होता. अटीमुळे पेपरची संख्या वाढली. प्रयोगशाळेत अँटीबॉडी, वीज किंवा प्रशिक्षित हात मात्र त्यातून आले नाहीत.

जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीची महिन्याची रक्कम जानेवारी 2023 पासून 31,000 वरून 37,000 रुपये झाली. 2024 मध्ये पीएचडी प्रवेशासाठी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण वापरण्याचा निर्णय जाहीर झाला. त्यातून केवळ प्रवेशासाठी पात्र ठरणाऱ्याला जेआरएफ मिळत नाही. परभणी, हिंगोली, बीडहून येणाऱ्या अशा विद्यार्थ्यासाठी पहिल्या दोन वर्षांचे खोलीभाडे आणि मेसचा खर्च हा प्रश्न अँटीबॉडीच्याही आधी उभा राहतो.