घाणेरी खाल्लेल्या गाईला ऊन का भाजतं?

एप्रिल लागला की ठाण्याकडच्या येऊरच्या पायथ्याला आणि पारसिकच्या डोंगरउतारावर गवताची नुसती खुंटं उरतात. जे थोडं हिरवं दिसतं त्यात घाणेरी बरीच असते. पोटभर वैरण मिळणारी गाय तिला सहसा तोंड लावत नाही. उग्र वास आणि खरखरीत पान तिला दूर ठेवतं. उपाशी जनावराची गोष्ट वेगळी. बाहेरून आणलेल्या जनावराला तर हे झुडूपच अनोळखी असतं. बकरी ईदच्या आधी ट्रकमध्ये उभं राहून आलेले बोकड रस्त्याकडेला बांधले की समोर येईल तो पाला ओरबाडतात.

घाणेरीतलं विष म्हणजे लँटाडीन. वजनाच्या साधारण 1 टक्का ओला पाला बाधा व्हायला पुरतो. 300 किलोच्या गाईला 3 किलो, म्हणजे लहानसा भारा. पाला वाळला तरी विष जात नाही. लँटाडीनमुळे यकृतातून पित्त बाहेर पडणं अडतं आणि दुखावलेल्या यकृताच्या इशाऱ्याने कोठीपोट, म्हणजे चारा आधी जिथे साठतो तो पोटाचा मोठा कप्पा, थंडावतं. खरी मेख इथे आहे. पोट हलत नाही म्हणून पाला आतच राहतो, त्यातून विष थोडं थोडं रक्तात उतरत राहतं, त्यामुळे यकृत सावरत नाही आणि पोटही सुरू होत नाही. गाय चार दिवस गोठ्यात बांधलेली असूनही खंगत जाते, कारण विषाचा साठा ती पोटात घेऊनच उभी असते.

आता उन्हाचं. चाऱ्यातलं हरितद्रव्य कोठीपोटात मोडलं की फायलोएरिथ्रिन नावाचं द्रव्य तयार होतं. एरवी ते पित्तावाटे शेणात निघून जातं. पित्त अडलं की ते रक्तातून कातडीपर्यंत पोचतं आणि ऊन पडताच तिथल्या पेशी होरपळतात. काळ्या-पांढऱ्या संकरित गाईत हे स्वच्छ दिसतं: पांढऱ्या ठिगळांखालची गुलाबी कातडी सुजते, पाझरते, मग कडक होऊन सालीसारखी सुटते, आणि शेजारचा काळा भाग जवळपास धड राहतो. मुस्कट, पापण्या, आचळं आधी पकडली जातात. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो, रवंथ बंद पडतो, शेण घट्ट होतं. हा त्वचारोग नव्हे, त्यामुळे नुसतं मलम चोपडून जनावर उन्हात ठेवण्यात काही अर्थ नाही.

पहिलं काम सावली. तीही झाडाची विरळ नको, छपराखालची हवी. दुसरं काम पोटातला साठा बांधून टाकण्याचं. त्यासाठी पशुवैद्यक नळीने सक्रिय कोळसा देतात, किलोमागे सुमारे 5 ग्रॅम, म्हणजे 300 किलोला दीड किलो. चुलीतला कोळसा कुटून ते काम होत नाही. मलूल जनावराच्या घशात तेल ओतू नये. ते श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाचं दुखणं वर ओढवतं.

शहरात घाणेरीपेक्षा मला कण्हेरीची धास्ती जास्त. नवी मुंबईत रस्त्यांच्या दुभाजकांवर आणि सोसायट्यांच्या कुंपणाला ती सर्रास दिसते. उभं झाड कडू लागतं म्हणून जनावर सोडून देतं. छाटणीचा ढीग दोन दिवस वाळला की कडवटपणा कमी होतो, विष मात्र तसंच राहतं. मोठ्या जनावराला दहा-वीस पानंही जीवघेणी ठरू शकतात. कण्हेरीतलं ओलिअँड्रिन हृदयाच्या पेशींमधला सोडियम-पोटॅशियमचा पंप अडवतं. नाडी अडखळते, पाय गार पडतात, कधी काही कळायच्या आत जनावर मेलेलं सापडतं. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टीही त्याच जातकुळीची. पिण्याच्या टाकीवर यांची फांदी असेल तर कापाच, कारण पडलेली पानं पाण्यातही विष सोडतात.

कण्हेरीचा नुसता संशय असला तरी डॉक्टरांना तो आधी सांगावा. नुकती व्यालेली गाय खाली बसली की कॅल्शियम देण्याचा रिवाज आहे, आणि कण्हेर पोटात असताना तेच कॅल्शियम हृदयाला महागात पडतं. अशा जनावराला चालवू, पळवू नये.

नाल्याकाठी वाढणाऱ्या बेशरम या झुडपाचा घात सावकाश होतो. शेळ्या आठवडेच्या आठवडे ती खात राहिल्या की मान थरथरते, चाल लडबडते. तिथवर गेलेली शेळी पूर्ववत होणं कठीण.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे. फोन करून झाला की जनावराच्या तोंडाशी आणि गव्हाणीत सापडलेला पाला पिशवीत भरून ठेवावा, चघळलेला असला तरी.