एकदा पकडलं की क्लिअरन्स गेला?

अमेरिकेत संरक्षण खात्याच्या कंत्राटांवर काम करणाऱ्यांत एक समज घट्ट रुजलाय: दारू पिऊन गाडी चालवताना एकदा सापडलात, की सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकारची गोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी, कायमचा गेला. तसं नाही. २०१७ पासून लागू असलेल्या निकषांत दारूसाठी ‘गाइडलाइन जी’ आहे. किती काळ लोटला, चूक कबूल केली का, उपचार घेतले का, पिणं आटोक्यात आलं का, हे त्यात तोललं जातं.

घात होतो तो लपवाछपवीने. क्लिअरन्ससाठी भरायच्या एसएफ-८६ अर्जाचा २२वा भाग विचारतो, दारूशी संबंधित आरोप ‘कधीही’ झाला होता का? इतर काही प्रश्नांसारखी फक्त गेल्या सात वर्षांचंच सांगण्याची सवलत इथे नाही. तरी ‘जुनं प्रकरण’ म्हणून बिनधास्त ‘नाही’ लिहिणारे महाभाग आहेतच! मग मामला ‘गाइडलाइन ई’त, म्हणजे सचोटीवर येतो. क्लिअरन्स का नाकारावा याची कारणं मांडणारं सरकारी पत्र (‘स्टेटमेंट ऑफ रीझन्स’) आलंच, तर कंत्राटी कर्मचाऱ्याला लेखी उत्तरासाठी २० दिवस मिळतात.