मेन कून पिल्लांची वाढ आणि वजन

मेन कून ही अमेरिकेच्या ईशान्य टोकावरच्या मेन राज्यातील लांब केसांच्या, थोराड बांध्याच्या मांजरांची जात. १९८५ पासून तिला त्या राज्याच्या अधिकृत मांजराचा मान आहे. साधे घरगुती मांजर वर्षभरात जवळजवळ पुरते वाढते. मेन कूनला तीन ते पाच वर्षे लागतात. नॉर्वेजियन फॉरेस्ट, सायबेरियन आणि रॅगडॉल या जातीही सावकाश वाढतात. ही वाढ लांबते म्हणूनच पाळणारे घाई करतात. ‘एवढ्या मोठ्या जातीचे पिल्लू, अन् अजून असे काडीसारखे?’ या काळजीपोटी खाणे वाढवले जाते. हाडांना त्याचा फायदा होत नाही, चरबी मात्र साठत जाते.

जन्माच्या वेळी मेन कूनचे पिल्लू साधारण १०० ते १५० ग्रॅमचे असते. पहिल्या दिवशी वजन किंचित घटू शकते. त्यानंतर ते रोज वाढायला हवे. दोन आठवड्यांच्या आसपास ते दुप्पट होते. पुढचे ढोबळ आकडे असे : आठ आठवड्यांना ०.८ ते १.२ किलो, बारा आठवड्यांना १.३ ते २ किलो. सहा महिन्यांचा बोका ३.५ ते ५ किलोचा आणि भाटी २.८ ते ४ किलोची असते. वर्षाचा बोका ५ ते ७ आणि भाटी ४ ते ५.५ किलोपर्यंत जाते. पूर्ण वाढलेला बोका बहुधा ६ ते ९ किलोचा, भाटी ४ ते ६.५ किलोची. एकाच वेतातल्या भावंडांतही किलोभराचा फरक पडतो, त्यामुळे या आकड्यांपेक्षा पिल्लाचा स्वतःचा आलेख महत्त्वाचा. तो दर आठवड्याला थोडा थोडा वर चढत असेल तर पिल्लू आकड्यांच्या खालच्या टोकाला असले तरी बिघडत नाही. चढता आलेख अचानक सपाट झाला तर मात्र कारण शोधावे.

चौथ्या ते दहाव्या महिन्यादरम्यान पिल्लू आधी लांब होते, मग उंच, आणि रुंदी सगळ्यात शेवटी येते. कान डोक्याला मोठे वाटतात, पाय लांब दिसतात, मागचा भाग पुढच्यापेक्षा उंच होतो. छाती भरायला आणि बोक्याचे गाल फुगायला दुसरे-तिसरे वर्ष उजाडते. हे लुकडेपण निरोगी आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवता येत नाही, कारण अंगावरचे केस दोन्हीकडे फसवतात : रोड पिल्लू भरलेले दिसते आणि जाडजूड पिल्लू नुसते केसाळ वाटते.

म्हणून हाताने पाहायचे. पिल्लू उभे असताना दोन्ही हात बरगड्यांवर ठेवून बोटे हलकेच फिरवावीत. स्वतःचा पंजा उताणा न करता सपाट धरून दुसऱ्या हाताने त्या पंजाच्या पाठीवरची, बोटांच्या मुळाशी असलेली हाडे चाचपावीत. बरगड्या तशाच लागल्या तर वजन ठीक. मूठ आवळल्यावर वर येणाऱ्या टेंगळांसारख्या लागल्या तर पिल्लू रोड आहे. तळहाताच्या मांसल भागासारखे लागले आणि बरगड्या दाबून शोधाव्या लागल्या तर चरबी चढली आहे. कमरेवरचे केस ओल्या हाताने चापून बसवले की वरून कंबर दिसते. पशुवैद्य हेच ९ गुणांच्या मोजपट्टीवर लिहितात. ५ हा आदर्श, आणि त्यापुढचा प्रत्येक गुण म्हणजे साधारण १० ते १५ टक्के जास्तीचे वजन. मागच्या पायांमध्ये पोटाखाली लोंबणारी सैल कातडी अनेक मांजरांना जन्मजात असते. ती चरबी समजून खाणे तोडू नये.

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, खाण्याआधी करावे. तीन महिन्यांपर्यंत स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि त्यावर प्लॅस्टिकची टोपली पुरते. पुढे पिल्लू उचलून माणसांच्या काट्यावर उभे राहून स्वतःचे वजन वजा करायची पद्धत आहे. या पद्धतीत शंभर-दोनशे ग्रॅमची चूक सहज होते, म्हणून लहान बाळांसाठीचा काटा मिळाला तर तोच वापरावा.

खाण्याचे प्रमाण ऊर्जेवरून निघते. विश्रांतीच्या स्थितीतली गरज म्हणजे वजनाचा (किलोत) ०.७५ घात गुणिले ७० किलोकॅलरी. ही संख्या वाढत्या पिल्लासाठी चार महिन्यांपर्यंत अडीच पट आणि त्यानंतर हळूहळू दुपटीच्या आसपास धरतात. पाच महिन्यांच्या, तीन किलोच्या पिल्लाची विश्रांतीची गरज सुमारे १६०, म्हणजे दिवसाला साधारण ३२० किलोकॅलरी. शंभर ग्रॅममध्ये ३९० किलोकॅलरी असलेले कोरडे दाणे असतील तर ते सुमारे ८२ ग्रॅम होतात. ही फक्त सुरुवात; त्यापुढे हात आणि काटा सांगतील तसे कमी-जास्त करायचे. दाणे वाटीने न मोजता ग्रॅममध्ये तोलावेत, कारण वाटी भरताना रोज फरक पडतो आणि महिनाभरात तो अंगावर दिसतो. सहा महिन्यांपर्यंत दिवसाचा वाटा चार वेळांत, मग तीन, आणि वर्षानंतर दोन वेळांत द्यावा. पाकिटावर ‘वाढीसाठी संपूर्ण आहार’ असा उल्लेख हवा. अमेरिकी मानकांनुसार अशा खाद्यात कोरड्या वजनाच्या किमान ३० टक्के प्रथिने आणि १ टक्का कॅल्शियम असते.

सर्वांत घातक चूक प्रेमापोटीच होते : फक्त उकडलेली, बिनहाडाची कोंबडी. शंभर ग्रॅम कोंबडीच्या मांसात फॉस्फरस सुमारे २०० मिलिग्रॅम असते आणि कॅल्शियम जेमतेम १० ते १५. ही तूट भरून काढायला शरीर हाडांमधले कॅल्शियम ओढून घेते. काही आठवड्यांत पिल्लू उडी मारायला कचरते, उचलले की ओरडते, आणि सोफ्यावरून उतरताना पाय मोडतो. आपल्याकडच्या घरांत दूध-पोळी किंवा दहीभातावर पिल्लू वाढवले जाते, तेही अपुरे. मांजराला टॉरिन हे आवश्यक अमिनो आम्ल प्राणिज आहारातूनच मिळते. ते कमी पडले तर डोळा आणि हृदय दोन्ही बिघडतात. अनेक पिल्लांना दुधाने जुलाब होतात. संपूर्ण आहार चालू असताना वरून कॅल्शियमच्या गोळ्या किंवा पावडर देऊ नये.

महाराष्ट्रात एप्रिल-मेच्या उकाड्यात दाट केसांची पिल्ले कमी खातात. अशा वेळी ओले खाद्य थोडे कोमट करून संध्याकाळी द्यावे. चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडू लागतात, तेव्हाही दोन-तीन दिवस खाणे मंदावते. मात्र चोवीस तास काहीच न खाल्लेले पिल्लू पशुवैद्याकडे न्यावे. पोट नगाऱ्यासारखे आणि पाठीचे मणके टोचणारे असतील तर बहुधा जंत असतात. वजन न वाढता शौच पातळ व दुर्गंधीयुक्त होत राहिले तर विष्ठा तपासून घ्यावी. जिआर्डियासारखे एकपेशी परजीवी नेहमीच्या जंताच्या औषधाने जात नाहीत.

नसबंदीने वाढ खुंटते हा समज चुकीचा आहे. लवकर केलेल्या नसबंदीत हाडांच्या टोकांजवळची, जिथून हाड वाढते ती कूर्चापट्टी उशिरा मिटते आणि हाडे किंचित लांबच होतात. खरा प्रश्न भुकेचा आहे. शस्त्रक्रियेनंतर भूक वाढते आणि ऊर्जेची गरज साधारण पाव हिश्शाने घटते. म्हणून त्या दिवशीचे वजन लिहून ठेवावे, भांड्यात दाणे दिवसभर भरून ठेवणे थांबवावे, आणि पुढचे तीन महिने वजनाचा वार चुकवू नये. उशिरा मिटणाऱ्या कूर्चापट्टीवर जास्तीचा भार आला की मांडीच्या हाडाचे डोके पट्टीवरून सरकते. वजनदार, नसबंदी झालेल्या तरुण बोक्यांत हे मुख्यतः दिसते आणि मेन कूनमध्ये त्याचा कल जास्त आहे. मार लागलेला नसतानाही बोका मागच्या पायाने लंगडू लागतो. इलाज बहुधा शस्त्रक्रियेचाच.

खुब्याची सदोष घडण हाही या जातीचा जुना त्रास आहे. अमेरिकेतील क्ष-किरण नोंदींत तपासलेल्या मेन कूनपैकी सुमारे एक-चतुर्थांश मांजरांत ती आढळली, आणि मोठ्या अंगाच्या मांजरांत तिचे प्रमाण अधिक होते. जिन्याच्या मध्येच बसणे किंवा उडीऐवजी पुढच्या पायांनी चढणे ही पहिली लक्षणे. मांजर दुखणे लपवते, त्यामुळे लंगडण्याची वाट पाहू नये.

वाढत्या पिल्लाला चरबी चढली तर उपाशी ठेवू नये. वजन आहे तिथेच रोखून धरावे, म्हणजे वाढणारी उंची जास्तीचे वजन गाठते. वाढ पूर्ण झालेल्या लठ्ठ मांजराचे वजन आठवड्याला साधारण १ टक्का या बेताने उतरवतात. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर चरबी यकृतात साचून जिवावर बेतते.